बोरीच्या जागेवरचं पाणी

एकदा एका गावची आगगाडी बंद झाली. अरुंद रुळांवरून धावणारी, मोजक्या डब्यांची छोटी गाडी होती ती. धावणारी म्हणायचं एवढंच. गावाबाहेरच्या वळणावर चढ लागला की ती इतकी मंदावायची, की निरोप द्यायला आलेलं माणूस खिडकीचा गज धरून शेजारून चालत राही आणि राहिलेलं बोलणं पुरं करी. पुढे गाडी थांबली, रूळ उचलून नेले, फलाटावरची पाटीही कोणी काढून नेली. मागे उरली ती खडीची एक लांबच लांब पट्टी. तिच्यावर घाणेरी माजली, बाभळी आल्या, गावाचा केरकचरा येऊन पडू लागला. रूळ गेल्यावर मग लोक तिला रूळवाट म्हणू लागले.

त्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं लोटली होती, पण निम्म्या गावाचे कान त्यांनी पिळलेले असल्यामुळे त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. त्यांचा एक शिष्य होता, प्रल्हाद. चाळिशीचा, तालुक्याच्या गावी नोकरीला, पण जीव सगळा इथे. गुरुजी एकदा त्याला सहज म्हणाले होते, की गाडी गेली ती गेली, निदान तिच्या वाटेवरून माणसांनी चालावं. प्रल्हादने ते मनावर घेतलं. दर रविवारी तो गावातली बायामाणसं गोळा करी. कोणी घाणेरी उपटली, कोणी प्लास्टिक वेचलं, कोणी मुरूम पसरून पाणी मारून दाबला. कडेने चुना लावलेले दगड मांडले, जुन्या टायरांना रंग देऊन त्यांत सदाफुली लावली, म्हाताऱ्या माणसांना टेकायला बाकं केली. या लोकांना हसू नका. आपल्या घामाने गावाची वाट सुंदर करणारी माणसं कुठल्याही गावात थोडीच असतात.

पण या कामाला त्यांनी नाव दिलं सुशोभीकरण. आता माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. शोभेच्या पुढे 'सु' लागला आणि मागे 'करण' जोडलं गेलं, की आपल्याकडे सगळ्यात आधी कुऱ्हाड येते. इथेही आली.

त्या चढाच्या वळणावर, वाटेच्या अगदी कडेला, एक बोरीचं झाड होतं. वेडंवाकडं वाढलेलं, काट्यांनी भरलेलं, फांद्या वाटेवर आलेल्या. येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर धरायचं, सदरा ओरबाडायचं. गावठी बोर कोणी लावत नाही, तिला पाणी कोणी घालत नाही. ती आपली येते आणि राहते. म्हणून ती कोणाचीच नसते, असं प्रल्हादला वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं, मलाही.

ती बोर कोंडाबाईची होती.

कोंडाबाई म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिला एकच लेक होती, हिरा. संक्रांतीनंतर हिराचं लग्न झालं आणि ती याच गाडीने सासरी निघाली. आईने तिच्या ओटीत बोरं घातली होती. गाडी सुटली तशी कोंडाबाई खिडकीचा गज धरून शेजारून चालू लागली. दोघी रडत होत्या. चढ आला, गाडी मंदावली, तेव्हा आईला हसवावं म्हणून हिराने ओटीतलं एक बोर तोंडात टाकलं, खाल्लं आणि बी खिडकीतून फूः करून बाहेर उडवली. म्हणाली, आई, इथं झाड येईल बघ, मी माहेरपणाला आले की दोघी खाऊ. मग चढ संपला, गाडीने वेग घेतला आणि कोंडाबाईच्या हातून गज सुटला.

हिरा माहेरपणाला आली नाही. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. निरोप पोचून कोंडाबाई लेकीच्या सासरी जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. लेकीचं तोंडसुद्धा तिला दिसलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या वळणावर खडीतून एक रोप वर आलेलं तिने पाहिलं. ते हिराने टाकलेल्या बीचंच होतं, की एखाद्या पाखराने आणलेलं, कोण सांगणार? कोंडाबाईने कोणाला विचारलं नाही. ती रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन जाऊ लागली. बोरीला पाण्याची गरज नसते, हे तिलाही कळत होतं. गाडी चालू होती तोवर गाडी गेल्यावर ती पाणी घाली, गाडी बंद झाल्यावर उन्हं यायच्या आत घाली. झाड म्हातारं झालं, बाई म्हातारी झाली. गावातल्या तिच्या वयाच्या माणसांना हे ठाऊक होतं आणि ती माणसं एकेक करून निघून गेली होती. आता जाणणारे उरले होते फक्त गुरुजी.

आणि नेमके त्या दिवसांत गुरुजी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात, मुलाकडे गेले होते.

एका रविवारी प्रल्हादने यंत्र मागवलं आणि वाटेवरची काटेरी झाडं मुळासकट काढून घेतली. वर मुरूम टाकून जागा अशी सपाट केली, की तिथे काही होतं असं सांगूनही पटलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई आली. वळणावर थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फुलझाडांना पाणी घालणाऱ्या बायकांनी तिला हाक मारली, वाट कशी झाली म्हणून विचारलं. ती म्हणाली, चांगली झाली. भरलेला तांब्या घेऊन आली होती, तो तसाच भरलेला घेऊन परत गेली. त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पडेना. शेजारीण भाकरी ठेवून येई, ती संध्याकाळी तशीच असे.

गुरुजी परतले ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून. कोंडाबाईचं कानावर आलं तसे ते तिच्या दाराशी जाऊन बसले. काय बोलणं झालं, कोणी ऐकलं नाही. बहुधा झालंच नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गावाने पाहिलं, की गुरुजी काठी टेकत, एका हातात तांब्या धरून रूळवाटेने निघाले आहेत. वळणावर ते थांबले, वाकले आणि दाबून बसवलेल्या नव्या मुरमावर त्यांनी सगळं पाणी ओतलं. मग आले तसे परत गेले.

रोज हेच होऊ लागलं. तिथे चिखल व्हायला लागला. वाटेचं उद्घाटन तोंडावर आलेलं, पाहुणे येणार, आणि नेमका वळणावर चिखल. प्रल्हादची माणसं दुपारी मुरूम टाकून जागा सारखी करत, सकाळी गुरुजी पुन्हा ओलं करून ठेवत. गुरुजींना बोलायचं कोणी? शस्त्रक्रियेनंतर त्यांना नीट दिसत नसेल, वयही झालं, असं माणसं आपापसांत कुजबुजू लागली. प्रल्हादच्या कानी ते आलं आणि त्याला फार वाईट वाटलं. ज्यांच्या एका वाक्यावर आपण एवढं उभं केलं, त्यांनीच ते खराब करावं?

शेवटी एका सकाळी तो वळणावर त्यांची वाट पाहत उभा राहिला. गुरुजींनी पाणी ओतलं, तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "गुरुजी, इथं काय लावलंय?"

"काही नाही."

"मग पाणी कशाला घालता?"

गुरुजी बाकावर बसले, त्याला शेजारी बसवलं, आणि हिराची आणि बोरीची सगळी हकीगत त्यांनी सांगितली. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. ऐकता ऐकता प्रल्हादची मान खाली गेली. मग घाईघाईने म्हणाला, की आजच रोपवाटिकेतून बोरीचं मोठं कलम आणतो, इथेच लावतो, भोवती कट्टा बांधतो, हिराच्या नावाची पाटी लावतो.

गुरुजी म्हणाले, "लाव. पण ते तुझं झाड होईल. तिचं गेलं, ते मलाही आणता येत नाही आणि तुलाही नाही. पाटी लावून तर तिचं दुःख तू शोभेच्या दगडांत नेऊन बसवशील."

"मग मी काय करू?"

"प्रल्हाद, झाड गेल्याचं दुःख ती सोसेल. तिने लेकीचं जाणं सोसलं आहे. पण रोज सकाळी हात तांब्याकडे जातो आणि पाणी ओतायला जागा नाही, हे तिला सोसवत नाही. एकट्या म्हातारीने मोकळ्या जमिनीवर पाणी ओतलं, तर लोक तिला वेडी म्हणतील. त्या भीतीने ती भरला तांब्या परत घेऊन गेली. म्हणून म्हटलं, आधी आपण वेडं ठरावं. म्हणजे तिला यायला लाज वाटणार नाही."

एवढं बोलून गुरुजी काठी टेकत निघून गेले. प्रल्हाद तिथेच बसून राहिला आणि रडला.

त्या दिवशी मुरूम टाकायला कोणी आलं नाही, त्यानेच नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो घरून तांब्या भरून निघाला. वळणावर पोचला तर जागा आधीच ओली होती आणि चुन्याच्या दगडाशी कोंडाबाई बसली होती. शेजारी तिचा तांब्या, रिकामा. प्रल्हाद पुढे गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, झाड मी काढलं."

"ठावं हाय मला," कोंडाबाई म्हणाली. क्षमा केली म्हणाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. प्रल्हादने मान खाली घालून तांब्या कलता केला. पाणी भसकन पडलं आणि वाटेवरून वाहू लागलं. तेव्हा म्हातारीने आपला हात त्याच्या मनगटावर ठेवला.

"हळू वत, लेकरा," ती म्हणाली. "येकदम वतलं तर मुळापतुर जात न्हाई."

प्रल्हादने पाणी हळू ओतलं.

ही कथा सांगून झाली की लोक मला विचारतात, पुढे तिथे बोर उगवली का? नाही उगवली. मुळासकट काढलेलं झाड येत नसतं. वाटेचं उद्घाटन झालं, पाहुणे त्या ओल्या जागेला वळसा घालून गेले आणि का ते त्यांना कोणी सांगितलं नाही. प्रल्हाद आणि त्याची माणसं आजही दर रविवारी काम करतात. फक्त कुठल्याही झुडपाला हात लावण्याआधी ती घरोघर जाऊन विचारतात, इथे कोणी पाणी घालतं का? काहीही साफ करायला निघण्यापूर्वी आपणही एवढं विचारून घ्यावं.