कर्दळीचा उपास

पाखरं झाडांना उपदेश करत, त्या काळातली गोष्ट. एका आडगावच्या लोकांनी गटाराचं पाणी वेशीबाहेरच्या कर्दळींच्या हवाली केलं होतं. त्यांच्या मुळांतून झिरपत ते पलीकडच्या तळ्यात उतरे, तेव्हा अगदी नितळ झालेलं असे. त्या तळ्यात रोज सकाळी एक बगळा अंघोळ करी आणि पंख वाळवता वाळवता थोरल्या कर्दळीला टोमणे मारी.

"ताई, मोरीचं खरकटं, साबणाचा फेस, काहीच कसं वर्ज्य नाही तुम्हाला? आमच्या अंगावर एक डाग दाखवा! एकादशीला तरी उपास करावा माणसानं."

"बरं दादा," कर्दळ म्हणाली.

एकादशीला साऱ्या कर्दळी मुळं आवरून बसल्या. बगळ्यानं नेहमीसारखी डोळे मिटून बुडी मारली. वर आला, तर काठावरची म्हैस म्हणाली, "राम राम, कावळेदादा!"

बगळ्यानं पंखांकडे पाहिलं आणि दिवसभर झुडपातून बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो काठावर हजर. पाण्यात पाय न घालताच त्यानं मान लववून विचारलं, "ताई, उपास सोडलात ना? पोटभर जेवलात ना?"

तेव्हापासून तो रोज आधी तेवढंच विचारतो.