निरोप घेणारा राजपुत्र

एका राज्यात झोप म्हणून उरली नव्हती. युवराजाच्या बारशाला ती जी गेली, ती गेलीच. तेव्हापासून सारी प्रजा टक्क जागी. न्हावी गिऱ्हाइकावर खेकसत, प्रधानजी खांबाशी हुज्जत घालत, आणि राजा चंडवर्म्याची तर पावलं दगडाची झाली होती.

महालावरची टिटवी म्हणाली, "दगड वर चढतो आहे. छातीशी पोचला की राजा संपला. मगरीकडून किल्ली आणा, नागाकडून दिवा आणा, काळ्या डोंगरातल्या कज्जला जादूगारणीकडून झोपेची पेटी आणा."

राजकन्या कनकांगी उठली ती तडक निघाली.

सीमेपलीकडे एका झोपडीच्या दारात राजपुत्र भद्रसेन उभा होता. एक पाय रिकिबीत, एक जमिनीवर. म्हातारीचा निरोप घेणं चाललं होतं. घोडा उभ्या उभ्या झोपला होता. कनकांगीनं आधी घोड्याकडे हेव्यानं पाहिलं.

"वाट सोडा," ती म्हणाली.

"सोडतो. एवढा निरोप होऊ दे."

"कधीपासून घेताय?"

"न्याहारीपासून, बाई," म्हातारीनंच सांगून टाकलं. "आता जेवणाची पानं मांडायची वेळ झाली."

कनकांगीची हकीकत ऐकून भद्रसेन म्हणाला, "मीही येतो. मगर माझ्या ओळखीची आहे."

ओळख खरी होती. मगरीनं किल्ली लगेच दिली. पण निघायचं म्हणून भद्रसेन उठला, आणि तिथंच घोडं अडलं. मगरीची दाढ, मगरीची अंडी, यंदाचं पाणी... कनकांगी दोनदा पुढे जाऊन परत आली. बोलता बोलता मगरीला भूक लागली. तिनं जरा संकोचून भद्रसेनाचा घोडा गिळला.

"झोपेतच गेला बिचारा," भद्रसेन म्हणाला.

"सुटला," कनकांगी म्हणाली.

दोघं पायी नागाकडे पोचली. नागानं दिवा दिला. वारुळाच्या तोंडाशी पुन्हा तेच. मुलंबाळं, कात, उन्हाळा. शेवटी नागीण बाहेर आली. "इतका वेळ उभेच आहात, आता जेवल्याशिवाय जायचं नाही!" जेवायला बेडूक होते. डोळे मिटून गिळावा, तर कनकांगीचे डोळे मिटत नव्हते. उघड्या डोळ्यांनीच तिनं एक गिळला.

तेवढ्यात टिटवी आली. "दगड कमरेला लागला!"

कनकांगीनं भद्रसेनाचं मनगट धरलं. "तिसऱ्या ठिकाणी पेटी मिळाली की निघायचं. अक्षर बोलायचं नाही."

"नमस्कारसुद्धा नाही?"

"नाही!"

काळ्या डोंगराच्या गुहेत नागाच्या दिव्याच्या उजेडात कज्जला वाती वळत बसलेली दिसली. कनकांगीनं पेटी मागितली. कज्जलेनं मुकाट्यानं पुढे सरकवली. कनकांगीनं एका हातात पेटी घेतली, दुसऱ्या हातानं भद्रसेनाला ओढलं आणि बाहेर पडली. पेटीत किल्ली घातली. किल्ली फिरेना.

गुहेतून कज्जलेचा आवाज आला, "गेलीस? बापासारखीच गं तू."

"काय केलं माझ्या बाबांनी?"

"सात डोंगर ओलांडून मी तुझ्या भावाच्या बारशाला आले. पाळणा म्हटला. निघताना राजवाड्यातलं एकही माणूस मला सोडायला वेशीपर्यंत आलं नाही. राजा सोंगट्या खेळत होता. वेशीवर दारवान तेवढा होता, तोही जांभई देत होता. तीच उचलली आणि पेटीत घातली. सगळ्यांची झोप तिच्यामागोमाग आली."

कनकांगीनं भद्रसेनाकडे पाहिलं. तो ओठ घट्ट मिटून, लाल होऊन उभा होता.

"बोला आता!"

त्यानं मान हलवली. हे त्याचं काम नव्हतं.

कनकांगी परत आत गेली. काय बोलावं सुचेना. "मावशी... गुहा छान थंड आहे तुमची."

"उन्हाळ्यात बरं पडतं," कज्जला म्हणाली.

"आणि वाती? कापूस घरचाच?"

बस्स. कज्जला बोलत बोलत दारापर्यंत आली. मग म्हणाली, त्या झाडापर्यंत येते. मग पायथ्यापर्यंत. मग वारूळ गेलं, नदी गेली, आणि त्यांना सोडायला निघालेली जादूगारीण भर दुपारी थेट राजवाड्यात येऊन ठेपली. वाटेत कनकांगी एकदाही "चला" म्हणाली नाही. जीभ मात्र चावून चावून सुजली.

राजा बरगड्यांपर्यंत दगड झाला होता. लेकीनं कानात सांगितलं. तो ओरडला, "उचला मला! पाहुण्यांना वेशीपर्यंत सोडायचंय!"

धापा टाकत भोयांनी दगडाचा राजा वेशीवर नेला.

"कज्जलाबाई," राजा म्हणाला, "त्या दिवशी आमचं फार चुकलं. सांभाळून जा. पुन्हा सवडीनं या, राहायलाच या."

"बघते कसं जमतं," कज्जला म्हणाली आणि वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पेटीत किल्ली फिरली. जांभई बाहेर आली ती दारवानाच्या तोंडात शिरली, तिथून भोयांच्या, प्रधानजींच्या, न्हाव्याच्या. राजाची पावलं मऊ झाली आणि राजा वेशीवरच आडवा होऊन घोरू लागला. पाळण्यात युवराज झोपला. रस्त्यात बैल झोपले.

कनकांगी भद्रसेनाकडे वळली. "ऐका, तुम्हाला माझं एक स्पष्ट सांगणं आहे..." एवढं म्हणाली, मोठी जांभई दिली आणि उभ्या उभ्या त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

भद्रसेनाला खूप बोलायचं होतं. पण ती जागी होईल म्हणून तो गप्प राहिला. राज्य जागं होईपर्यंत, एक अक्षर न बोलता, तसाच उभा राहिला.