चुकलाईचा ओटा

ही आख्यायिका माझ्यासारखी रंगवून सांगणारा पंचक्रोशीत दुसरा नाही. एक होता, तो गेल्या शिमग्यात वारला, म्हणून. असो. पाव्हणं, तुम्ही टेकलात तो चुकलाईचा ओटा. उठा बघू आधी! मधोमध तांबडा डाग दिसतोय ना, तो रक्ताचा. आमचे मास्तर शेंदराचा म्हणतात. पण मास्तरांना पगार मिळतो, त्यांना असलं काही म्हणावंच लागतं.

असं सांगतात, की समोरच्या गडावर सिदोजी नावाचा किल्लेदार होता. त्यानं दवंडी पिटली, "गडावर एक डोकं आहे, गावाला वेगळं नको." घरोघरच्या देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेल्या पोथ्या काढून जाळल्या. लपवणाऱ्यांचे डोळे त्याच निखाऱ्यांनी फोडले. "का?" विचारणाऱ्या सोनाराची जीभ वेशीच्या दाराला खिळ्यानं ठोकली म्हणे. मग गाव मान डोलवायला शिकलं. काहीजण अजून विसरलेले नाहीत. नावं घेत नाही, इथंच बसलेत.

पण सिदोजीला एक ठाऊक नव्हतं. गावात वाचता यायचं ते एकट्या येसबा गुरवाला. बाकीच्यांची पोथी कानात होती. येसबा देवीपुढं वाचायचा, गाव ऐकायचं, आणि एखादी ओळ इकडची तिकडं झाली की कुणीही ओरडायचं, "चुकलं!" सगळ्यात तिखट कान त्याच्या बायकोचे, गोजराचे. घरात नवऱ्याला उलटून बोलायची नाही, देवळात मात्र सोडायची नाही.

सिदोजीनं नवी पोथी लिहवून घेतली. जुन्या पोथीत राक्षस देवीनं मारला होता, नव्या पोथीत सिदोजीनं. येसबानं ती याच ओट्यावर वाचायची आणि गावानं माना डोलवायच्या. कुणी हूं की चूं केलं, तर वाचणाऱ्याचं मुंडकं उडणार.

त्या सकाळी येसबानं अंगरखा घातला. गोजरानं बंद बांधून दिले.

"आज गप बस गं बाई," तो म्हणाला. "मला जगायचंय."

"तोंडात सुपारी धरते," ती म्हणाली.

धरली. वाचन सुरू झालं. येसबाच्या मानेवर तलवार, समोर गादीवर सिदोजी. येसबा राक्षसापाशी आला. गोजरानं सुपारी दाढेखाली दाबली, तोंडात पदर कोंबला. "सिदोजीनं त्रिशूळ उचलला..." येसबानं वाचलं. जन्माची सवय ती! पदर, सुपारी, सगळं बाहेर फेकून ती ओरडली, "चुकलं!"

तलवार खाली आली. मुंडकं गडगडत गोजराच्याच पायाशी. ती रडली नाही. रक्तानं निसरड्या झालेल्या ओट्यावर चढली आणि पुन्हा ओरडली, "चुकलं!" शिपायानं तिचा हात खांद्यापासून तोडला. ती तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा अख्खं गाव ओरडलं. पुढचं काम मुसळांनी आणि कोयत्यांनी केलं. शिपाई एकही उरला नाही. सिदोजीला केसांना धरून ओढत आणलं आणि गडावरचं ते एकुलतं एक डोकं या दगडावर नारळासारखं फोडलं. गोजरा उरलेल्या हातानं नवऱ्याचं मुंडकं मांडीवर धरून बसली, ती तशीच गेली. गावानं तिची देवी केली.

आजही इथं पोथी लागली की वाचणारा एक ओळ मुद्दाम चुकवतो, आणि गावातल्या नव्या सुनेनं ओट्यावर चढून "चुकलं!" ओरडायचं असतं. मग तिला गूळ मिळतो. माझ्या तावडीतून उरला तर.

"चला, जोडा हात," मी पाहुण्यांतल्या एका नव्या नवरीला म्हटलं.

"जोडते की, आजोबा," ती म्हणाली. "पण जगायचंय म्हणून जो विनवत होता, त्याच्या नावाचा एक दगडसुद्धा तुमच्या गावात कसा नाही?"