भिवरा आणि चालणे विसरलेला पाय

निमडोह गावाला जेव्हा वेस होती आणि वेशीचे दार दिवेलागणीला खरोखरच लावले जात असे, त्या काळची ही हकीकत. जे तिला प्रत्यक्ष ओळखत होते ते गेले, त्यांच्याकडून ऐकणारेही गेले; तरी भिवरा कुंभारणीचे नाव निमडोहात अद्याप कोणी विसरलेले नाही.

भिवरा ही कुंभारवाड्यातली थोरली सून. नवरा ऐन तारुण्यात वारला आणि धाकटा दीर मल्हारी, त्याची बायको येसू व त्यांची लहानगी लेक यांच्या घरातच ती राहिली. चाक पुरुषाने फिरवावे आणि माती बाईने तुडवावी, अशी त्या घराची रीत होती. भिवराने तीस वर्षे माती तुडवली. खडा कुठे दडला आहे, हे तिच्या टाचेला कळे. ओल्या मातीवरचे पाऊल पाहून ते कोणाचे, त्याच्या डोक्यावर ओझे होते किंवा नाही आणि तो घरून भांडून निघाला होता की काय, हेही ती सांगत असे, असे म्हणतात.

एका पौषात मल्हारी चाकावर बसला असता एकाएकी डाव्या अंगावर कलंडला. अर्धांगवायूचा झटका होता. वैद्यबुवांनी तेल दिले, मात्रा दिली आणि बजावले की, जमिनीचा गारठा पायाला लागता कामा नये. सांगण्यात काही वाईट नव्हते; पण गावाने ते अक्षरशः पाळले. चार शेजारी त्याला खाटेसकट उन्हात नेत आणि खाटेसकट आत आणीत. महिनाभरात बोटे वळू लागली, जीभ सैल झाली. डावा पाय मात्र परक्याचा असावा तसा पडून राही.

निमडोहची एक चाल होती. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी गावच्या कुंभाराने तळ्याच्या तळातून वर्षाची पहिली माती स्वतः चालत जाऊन, स्वतःच्या डोक्यावर आणायची. ज्याला ते जमणार नाही, त्याच्या जागी परगावचा कुंभार येई आणि कुंभारवाड्यातले घर त्याला मिळे. फाल्गुनात पाटील समाचाराला आले. बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "मल्हारी, आखितीपर्यंत कोणी चकार शब्द काढणार नाही. पण पुढं गावाला मडक्यांवाचून कसं राहता येईल, तूच सांग."

पाटील गेल्यावर मल्हारीने भिंतीकडे तोंड केले. "वहिनी, बांधाबांध आत्तापासूनच करा. मागाहून घाई नको."

 भिवरा त्याच्या डाव्या पायाकडे पाहत होती. हाड जागेवर, मांस जागेवर. चिमटा घेतला तर मल्हारी कण्हत होता. मग यातून गेले ते काय? आणि पाय इथे असताना चालणे तेवढे कुठे गेले?

"भावजी," तिने विचारले, "तुम्ही चालायला शिकलात कसे?"

"ते कुणाला आठवतंय?"

"पडत-पडत शिकला असाल."

"असेन."

"मग या दोन महिन्यांत किती वेळा पडलात?"

 मल्हारी एकदाही पडला नव्हता. गावाने त्याला पडूच दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिवराने अंगणात घोटाभर माती भिजवली, मधोमध मेढ रोवली, मेढीचा दोर मल्हारीच्या हाती दिला आणि त्याला चिखलात उभे केले. पडला तरी लागणार नव्हते. ती हातभर अंतरावर राही, पण हात लावीत नसे. पहिल्या दिवशी तो सतरा वेळा पडला. कुंपणापलीकडून म्हातारी साळूकाकू म्हणाली, "भिवरे, घरचे बैल मेले वाटतं, दिराला जुंपलंस ते?"

"बैलाला एकदा शिकवलं की पुरतं, काकू. माणसाला दोनदा शिकवावं लागतं."

रोज संध्याकाळी ती उकिडवी बसून पावले वाची. उजवे पाऊल स्वच्छ उमटे. डाव्याच्या पुढे अंगठ्याने ओढलेली रेघ असे. "पाय उचला" म्हटले की तो पाय उचलत नसे. मग तिने त्याच्या वाटेत कच्च्या पणत्या मांडल्या आणि सांगितले, "एवढ्या मोडू नका." पाय उचलला गेला. पायाला सांगून जे होत नाही, ते पणतीसाठी कसे होते, याचे तिला फार नवल वाटले. असे म्हणतात की त्या वर्षी तिने आठशे पणत्या केल्या आणि एकीतही वात पेटली नाही.

चैत्र लागला तेव्हा मल्हारी दोराशिवाय चिखलात फेऱ्या घालू लागला. येसूने घरोघर गूळ वाटला. सारे त्याला कौतुकाने रस्त्यावर घेऊन आले. तो चार पावले नीट चालला, पाचव्याला उजवीकडे वळला, वळतच राहिला आणि पाटलांच्या ओट्याशी धाडकन आदळला. गुडघा फुटला.

"वहिनी," तो बसल्या जागेवरून म्हणाला, "घाण्याचा बैल केलात माझा."

कुंभाराची माती नेहमी उजवीकडे वळत तुडवायची, हा त्या घराचा शिरस्ता. भिवराने दिरालाही तसेच फिरवले होते. डावीकडे वळावे, हे तिच्या मनातसुद्धा आले नव्हते. दुपारभर ती अंगणातल्या त्या गोल फिरलेल्या पावलांपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "चूक पायाची नाही, माझी आहे. मी त्याला माझा चिखल शिकवला. चालणं शिकवायचं राहूनच गेलं."

आखितीला वीस दिवस उरले होते. भिवरा पाटी घेऊन दारोदार गेली आणि प्रत्येक घरी एकच मागणे मागितले: तुमच्या दारची पाटीभर माती द्या. माळ्याने भुसभुशीत दिली, कोळ्याने वाळू, वडाराने दगडाची कपची, लोहाराने राखेची माती. ती सारी तिने अंगणात पट्ट्यापट्ट्यांनी पसरली. आज वाळू आधी तर उद्या कपची आधी. आज उजवीकडून तर उद्या डावीकडून. कधी डोक्यावर रिकामा घडा, तर कधी भरलेला. मल्हारी पुन्हा पडू लागला.

येसूला ते पाहवेना. "अक्का, कालची मांडणी त्यांना जमली होती. तीच का ठेवत नाही?"

"जमली म्हणूनच मोडली. रस्ता काय रोज कालचाच भेटतो?"

आखितीच्या आदल्या दिवशी सारे निमडोह तळ्यावर लोटले. मल्हारी पायऱ्या उतरला, तळाच्या गाळातून गेला, माती खणली, पाटी डोक्यावर घेतली आणि परत फिरला. वाळू झाली, दगड झाले. अखेरच्या पायरीशी मात्र डावा पाय खालीच अडकला. पाटी हलली. पाचपन्नास हात एकदम पुढे आले.

भिवराने दोन्ही बाहू पसरून त्यांना अडवले.  काठावरचे बगळे, उडण्यासाठी पंख उघडलेले, तसेच थांबले, असे म्हणतात. मग तो पाय आपणहून उचलला गेला आणि पायरीवर टेकला. असे म्हणतात की त्या क्षणी पायरीचा कातळ भिजल्या मातीसारखा मऊ झाला. ते पाऊल तिथे अजून आहे. टाच खोल आणि पुढे अंगठ्याची बारीकशी रेघ.

मल्हारीने पाटी पाटलांपुढे उतरवली आणि उतरवल्यावर तो पडला.

पाटील जागचे हलले नाहीत. "लागलं का रे?"

"लागलं," मल्हारी म्हणाला. "उठतोय."

आणि तो उठला. घर राहिले.

पुढे लांबलांबच्या गावांहून गाड्या येऊ लागल्या. गाडीतून उचलून आणलेली माणसे भिवराच्या अंगणातून चालत घरी गेली. जी चालू शकली नाहीत, ती निदान उभी राहिली. खूप म्हातारी झाल्यावर एका पहाटे भिवरा तळ्याच्या ओल्या गाळात चालत गेली. लोकांनी पावले पाहिली. ती मध्यापर्यंत सरळ, एकसारखी गेली होती आणि तिथून पुढे नव्हती, असे म्हणतात.

निमडोहात आता डांबरी रस्ता आहे आणि अर्धांगवायूच्या रोग्याला मोटारीने तालुक्याच्या दवाखान्यातही नेतात. पण तो घरी परतला की तिसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून एकेक पाटी माती त्याच्या अंगणात येऊन पडते. तिला 'भिवराची माती' म्हणतात. आळीतली वडीलधारी बाई रोज सकाळी ती मांडणी मोडून नव्याने मांडते. रोगी चालू लागला की शेजारी हातभर अंतरावर, हात पाठीशी बांधून उभे राहतात. तो पडला तर कोणी हळहळत नाही. जो सर्वांत जवळ असेल, तो एवढेच विचारतो, "लागलं का?" आणि उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागो, सारे थांबतात.