धूळपाटीवरची शेवटची ओळ

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा कागद फक्त राजवाड्यात असायचा. लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

एका नगरात दोन आळ्या समोरासमोर होत्या. एक तांबटांची, दुसरी कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांची. मध्ये एक विहीर. पाणी आधी कोणी भरायचे यावरून कधीतरी भांडण झाले आणि ते थांबलेच नाही. दगड यायचे, सुरे निघायचे. घरोघरी कोणी जखमी, कोणी कायमचा गेलेला.

तांबट आळीत दोघे भाऊ राहत. आईबाप नव्हते. दिवस कलला की थोरला हातोडा खाली ठेवी आणि विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन दोन्ही आळ्यांतल्या मुलांना शिकवी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तिच्यात बोटाने अक्षर काढायचे. हीच त्याची धूळपाटी. तेवढा वेळ दगड येत नसत. आपलेच पोर तिथे बसलेले असताना कोण मारणार?

धाकट्याला ते बघवत नसे. घरी तो एकटाच भाता ओढत राही.

"दादा, रंगाऱ्यांच्या पोरांना हात धरून शिकवतोस. मला कधी शिकवलंस?"

"अरे, तू तर घरचाच. तुला उद्या शिकवतो."

"तुझा उद्या त्या निळ्या हातांच्या पोरांनी खाल्ला!"

थोरला हसला. पण तो 'उद्या' कधी आलाच नाही. एका संध्याकाळी मुलांना घरी सोडून परतताना त्याच्या कानशिलावर दगड बसला आणि तो जागीच गेला. दगड कोणाचा, ते कळले नाही. प्रत्येक आळी दुसरीकडे बोट दाखवत राहिली.

चौदाव्या दिवशी धाकटा पाण्याला गेला, तर कट्ट्यावर मुले बसलेली. रंगाऱ्यांची एक मुलगी, थोरल्याची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, त्यांना शिकवत होती. मधोमध थोरल्याची धूळपाटी होती. त्याने शेवटी लिहिलेली ओळ तिच्यावर तशीच होती. वारा लागू नये म्हणून मुले तिच्यावर टोपले पालथे घालत, आणि शिकताना तेवढे उचलून ती ओळ आपापल्या फळीवर उतरवत.

"काना ताठ नको रे, जरा झुकू दे," मुलगी एका पोराला म्हणाली. मग विचार करत तिने कानामागे खाजवले. अगदी दादासारखे.

धाकट्याला वाटले, दादा माझा. माझ्याजवळ त्याचा एक सदरा उरला, आणि हिच्याजवळ त्याचे बोलणेसुद्धा?

"ती पाटी माझ्या भावाची आहे. सोड!"

"घ्या ना, तुमचीच आहे. पण दादा, जरा सावकाश, आडवी धरा..."

"मला दादा म्हणू नकोस!"

त्याने फळी ओढली, छातीशी घट्ट धरली आणि पळत सुटला. तांबट आळी ओरडली, "शाबास! बरी जिरवलीस!" घरी येऊन त्याने दार लावले आणि खाली पाहिले.

फळी कोरी होती. सगळी धूळ त्याच्या सदऱ्याला लागली होती.

त्या दिवसापासून कोणीच आपली पोरे पाठवेना, आणि कट्टा ओस पडला. जी वेळ शांत असायची, त्या वेळीही दगड येऊ लागले. तिसऱ्या संध्याकाळी तांबटांच्या पाच वर्षांच्या पोराचे डोके फुटले. पोर वाचले. पण त्याला उचलून आणले धाकट्याने, आणि त्याचे दोन्ही हात रक्ताने भरले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो कोरी फळी घेऊन रंगाऱ्यांच्या आळीत शिरला. माणसांनी दगड उचलले.

"मारा," तो म्हणाला. "पण आधी त्या मुलीला एक विचारू द्या."

मुलगी बाहेर आली. हात कोपरापर्यंत निळे.

"पाटीवर काय लिहिलं होतं? मला वाचता येत नाही. माझ्याबद्दल होतं का?"

"नाही. 'विहिरीचे पाणी गार आहे.'"

"एवढंच?"

"एवढंच. त्या दिवशीच्या धड्याची ओळ होती ती."

धाकटा हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मुलीने फळी घेतली, धूळ पसरली आणि ती ओळ लिहिली. त्याने पाहिले. विकायच्या भांड्यांवर नावे कोरताना दादाचा काना असाच झुकायचा.

"हे तर दादाचं अक्षर!"

"माझा हात धरून शिकवलं ना त्यांनी. द्या तुमचा हात."

क्षणभर त्याला पुन्हा तिचा हेवा वाटला. मग त्याने हात पुढे केला. रंगाऱ्यांच्या हातांतले दगड हळूहळू खाली गेले.

त्या संध्याकाळी कट्टा पुन्हा भरला. मिशा फुटलेला धाकटा सगळ्यात लहान पोरांच्या रांगेत बसला होता, आणि पोरे त्याला हसत होती. धडा संपेपर्यंत एकही दगड आला नाही.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाने ज्यांना काही दिले त्यांचा हेवा करू नका. तो गेल्यावर त्यांच्याच हातांत उरतो.