शनिवारची पूर्व दिशा

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात नरहरभट नावाचे जोशी राहत. त्यांना तिथी विचारल्याशिवाय गावात कुणी बी पेरत नसे की प्रवासाला निघत नसे.

एका शनिवारी सकाळी भिवरा कोष्टीण धावत त्यांच्या दारात आली. जोशीबुवा एका लग्नाचा मुहूर्त काढत बसले होते.

"बुवा, आज पूर्वेला जायला चालेल का?"

त्यांनी मान वर केली नाही. "शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो, तिकडे प्रवास वर्ज्य. त्यात आज चतुर्दशी, अशुभ रिक्ता तिथी. उद्या जा."

"पण बुवा, घरी..."

"शास्त्रापुढे पण-बिण नसतं."

ती तशीच परत गेली.

रविवारी दुपारी जोशीबुवांना कोष्ट्याच्या घरून बोलावणं आलं. भिवराचा नवरा म्हाळू गेला होता. पुढच्या विधीचं बघायला ते पंचांग काखेत घेऊन पोचले, तर ओसरीवर नदीपलीकडच्या गावचे वैद्य बसलेले. ते भिवराला विचारत होते, "चार दिवस अंगात ताप, काल पहाटेपासून शुद्ध नाही. मग काल का नाही आलीस, बाई? काल आलो असतो तर कदाचित हाताला लागला असता."

भिवरा खालच्या आवाजात म्हणाली, "काल शनिवार होता. तुमचं गाव पूर्वेला."

ओसरीवरच्या सगळ्यांनी जोशीबुवांकडे पाहिलं.

वैद्य म्हणाले, "आज रविवार. पश्चिमेला दिशाशूळ. मी पश्चिमेलाच आलो. आजाऱ्याचं बोलावणं आलं की मी वार बघत नाही."

जोशीबुवा ओसरीच्या कडेला बसले. संकटात मुहूर्त बघायचा नसतो, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना पंचांग शिकवताना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. काल एवढंच विचारायचं होतं, कशासाठी चाललीस?

कुणीतरी समजुतीनं म्हणालं, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं, बुवा."

"नाही," जोशीबुवा म्हणाले. "आयुष्यावर ढकलू नका. ती सांगत होती आणि मी ऐकलं नाही."

भिवराने त्यांच्याकडे पाहिलं नाही. जोशीबुवा उठले, पंचांग तिथेच ओसरीवर ठेवलं आणि म्हाळूच्या तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले.

तात्पर्य: तिथी आणि दिशा सवडीच्या कामाला बघाव्यात, जीव संकटात असेल तेव्हा आधी माणसाचं ऐकावं.