नको असलेला आकडा

एकदा एका तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञानाचे एक वृद्ध शिक्षक राहत. त्यांची शिष्या तिथल्याच कॉलेजात प्रात्यक्षिके घेई. पडत्या चेंडूचा व्हिडिओ संगणकावर घ्यायचा, एकेका चित्रात चेंडूवर टिंब ठेवायचे, शेजारच्या पट्टीवरून माप सांगायचे, की सॉफ्टवेअर वेग काढून देई. हे काम म्हणजे तिच्या हातचा मळ!

त्या गावात आठ वर्षांचे एक पोर ट्रकखाली गेले. लहानू ड्रायव्हर गजाआड झाला. दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण घेऊन पोलीस शिष्येकडे आले. तिने वेग लिहून दिला, ताशी अठ्ठावन्न किलोमीटर. रस्त्याची मर्यादा होती चाळीस. गाव म्हणाले, बाईंनी पोराला न्याय दिला. शोक आंधळा असतो, आणि गाव त्याहून. बाई मात्र मान ताठ करून गुरुजींना हे सांगायला गेल्या.

गुरुजींनी शाबासकी दिली नाही. पडत्या चेंडूचा एक व्हिडिओ पुढे केला. "मीटरपट्टी शेजारी उभी आहे. गुरुत्वत्वरण काढ."

"सर, हे तर अकरावीची पोरं करतात," ती हसून म्हणाली. अर्ध्या तासात उत्तर तयार, पुस्तकात असते तेच, नऊ पूर्णांक आठ.

गुरुजी आतून तीच पट्टी घेऊन आले. खालून वीतभर कापलेली होती. "ही ऐंशी सेंटिमीटरची आहे. हिला मीटर धरलं तर सव्वाबारा यायला हवं. खरं सांग, पहिल्यांदा किती आलं?"

तिचा चेहरा उतरला. "बारा पूर्णांक दोन. वाटलं, माझंच चुकलं. मग टिंबं जरा सरकवली."

"आणि ट्रकचं?"

"अडतीस. पण सगळेच म्हणत होते, गाडी सुसाट होती."

"पोरी," गुरुजी म्हणाले, "उत्तर आधी ठरवायचं नि निरीक्षणं मागाहून जर्नलात बसवायची, ही आपल्या प्रयोगशाळांची जुनी खोड. तुझ्या वेळी मी काणाडोळा केला, वर पूर्ण गुण दिले. हे पाप माझंही आहे. नको असलेला आकडा दारात आला, तर त्याला हाकलू नये. आधी त्याचं म्हणणं ऐकावं."

शिष्येला लाज वाटली, भीतीही वाटली. लहानूच्या घरच्यांना आधी आपल्या तोंडाने सांगावे, मग पोलिसांत जावे, असे ठरवून ती तडक त्याच्या दूरच्या खेड्यात पोचली. अंगणात दहाव्याची माणसे जमली होती. लहानू तुरुंगातच छातीत कळ येऊन गेला होता.

तिने रडत सगळे सांगितले. लहानूची बायको पदर सावरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "शेवटच्या भेटीतबी ते म्हनत व्हते, मी हळूच व्हतो गं. पर तुमचा कागद वाचून दावला ना बाई, तवापास्नं मीच त्यांचं खरं मानलं न्हाई."